छताला टांगलेला प्रोजेक्टर खालून कसा चालवायचा: वायर, इन्फ्रारेड आणि नेटवर्क

प्रोजेक्टरसोबत आलेला रिमोट सुरुवातीला पुरेसा वाटतो. मग ॲम्प्लिफायर येतो, त्याचा रिमोट वेगळा. पडदा मोटरवर चालणारा असेल तर तिसरा रिमोट. काही दिवसांनी अशी वेळ येते की सिनेमा सुरू करायचा तर कोणतं बटण कशानंतर दाबायचं हे घरात एकालाच माहीत असतं, आणि तो माणूस बाहेर गेला की बाकीचे प्रोजेक्टरच्या वाटेलाच जात नाहीत. एका बटणावर सगळं सुरू व्हावं असं तेव्हा वाटायला लागतं. त्या वाटेवर पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी हा लेख आहे.

मला फार उशिरा उमगलेली गोष्ट तुम्हाला आधीच सांगतो. प्रोजेक्टरला कमांड पाठवणं सोपं असतं. ती त्याच्यापर्यंत पोचली का, आणि आत्ता तो नक्की कोणत्या अवस्थेत आहे, हे कळणं अवघड असतं. टीव्ही चालू किंवा बंद असतो. दिव्याचा प्रोजेक्टर मात्र चार अवस्थांत असतो: बंद, तापत असलेला, चालू, आणि गार होत असलेला. तापताना आणि गार होताना तो बहुतेक कमांडकडे लक्षच देत नाही. म्हणून वायर, इन्फ्रारेड आणि नेटवर्क यांतून निवड करताना माझा पहिला प्रश्न असतो: या मार्गाने प्रोजेक्टर उत्तर देतो का?

आधी प्रोजेक्टरची पाठ बघा

प्रोजेक्टर छताला लावण्याआधी, टेबलावर असतानाच हे सगळं करून घ्या. शिडीवर उभं राहून, मान मागे टाकून पिना मोजणं त्रासाचं तर आहेच, धोक्याचंही आहे.

मागच्या बाजूला काय काय आहे ते लिहून काढा. नऊ पिनांचा, इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचा पोर्ट दिसला तर तो आरएस-२३२, म्हणजे सिरीयल पोर्ट. राउटरला असतो तसा चौकोनी पोर्ट म्हणजे लॅन. काही मॉडेलांवर 'रिमोट' असं लिहिलेलं हेडफोनसारखं छोटं छिद्र असतं. 'ट्रिगर' किंवा '१२ व्होल्ट' असं लिहिलेलंही असतं, आणि तेही दिसायला अगदी तसंच. इथेच पहिली सावधगिरी घ्यायची. ३.५ मिलीमीटरचा जॅक सारखा दिसला म्हणून आतलं काम सारखं नसतं. एकातून आवाज बाहेर येतो, एकातून १२ व्होल्ट बाहेर येतात, एकात रिमोटचा सिग्नल आत जातो. आयआर (इन्फ्रारेड) एमिटरची, म्हणजे इन्फ्रारेड झोत फेकणाऱ्या छोट्या दिव्याची, पिन चुकून ट्रिगरच्या छिद्रात गेली तर एमिटर जळू शकतो. शंका आली की मॅन्युअल उघडा.

मॅन्युअलमध्ये शेवटची पानं आधी वाचा. पिनांचा तक्ता, सिरीयलचा वेग आणि कमांडची यादी तिथेच असते. काही कंपन्या कमांडची यादी वेगळ्या फाइलमध्ये देतात. मॉडेलच्या नावापुढे 'आरएस-२३२ कमांड' असं लिहून शोधलं की ती बहुधा सापडते.

इन्फ्रारेड: सगळीकडे चालणारा, पण उत्तर न देणारा मार्ग

हातातला रिमोट काय करतो हे समजलं की पुढच्या अर्ध्या अडचणी आपोआप सुटतात. त्याच्या टोकाला एक छोटा एलईडी असतो. तो साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश फेकतो. हा प्रकाश सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकतो. म्हणजे ३८ किलोहर्ट्झ. खोलीतला ऊन-दिव्यांचा प्रकाश असा लुकलुकत नाही, म्हणून प्रोजेक्टरचा सेन्सर त्या गर्दीतून रिमोटला वेगळं ओळखतो. ही लुकलुक कमीजास्त वेळ चालू-बंद करून आकडे पाठवले जातात. एनईसी ही त्यातली फार प्रचलित पद्धत. सुरुवातीला ९ मिलीसेकंदांचा लांब झोत, मग ४.५ मिलीसेकंदांची शांतता, आणि त्यामागून ३२ बिट. सोनीची पद्धत वेगळी. ती ४० किलोहर्ट्झवर चालते आणि एकच संदेश लागोपाठ तीन वेळा पाठवते. सोनीचा कोड शिकवल्यावर प्रोजेक्टर कधी ऐकतो, कधी नाही, असं होत असेल तर आधी हे तपासा की तुमचं यंत्र तो तीनदा पाठवतंय का.

पायऱ्या अशा:

पहिली पायरी, सेन्सर शोधा. बहुतेक प्रोजेक्टरना एक सेन्सर पुढे आणि एक मागे असतो. काळसर लाल काचेमागे तो लपलेला असतो, टॉर्च मारली की दिसतो. मेनूत पुढचा किंवा मागचा सेन्सर बंद करायची सोय असते. आधीच्या मालकाने ती वापरलेली असू शकते, तेव्हा बघून घ्या. रिमोट आयडी नावाची सेटिंगही असते. एकाच खोलीत दोन प्रोजेक्टर असतील तर ती कामाची, नाहीतर ती मूळ जागीच राहू द्या.

दुसरी पायरी, कोड शिकवा. आयआर शिकणारं यंत्र किंवा युनिव्हर्सल रिमोट मूळ रिमोटच्या समोर दोन-चार सेंटीमीटरवर धरा, बटण थोडक्यात दाबून सोडा. दाबून धरलं तर 'बटण अजून दाबलेलंच आहे' असे पुनरावृत्तीचे झोतही त्यात नोंदवले जातात आणि कोड बिघडतो. हे करताना उन्हापासून लांब बसा.

तिसरी पायरी, झोत निघतोय का ते बघा. मोबाइलचा कॅमेरा सुरू करून एमिटरकडे धरा आणि कमांड पाठवा. पडद्यावर फिकट जांभळा ठिपका लुकलुकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात काही दिसलं नाही तर पुढचा वापरून बघा. बऱ्याच फोनच्या मागच्या कॅमेऱ्यावर इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर जास्त कडक असतो.

चौथी पायरी, एमिटर कुठे लावायचा. दोन मार्ग आहेत. छोटा चिकटणारा एमिटर थेट सेन्सरच्या काचेवर लावा आणि त्याची वायर खाली आणा. हा मार्ग सर्वांत भरवशाचा. किंवा खोलीभर झोत फेकणारा ब्लास्टर ठेवा. पांढऱ्या पडद्यावरून इन्फ्रारेड छान परततं, म्हणून सोफ्यावर बसून पडद्याकडे रिमोट रोखला तरी मागच्या प्रोजेक्टरला कळतं. काळे पडदे, छिद्रांचे पडदे आणि गडद रंगवलेल्या भिंती हा उपयोग कमी करतात. अंधाऱ्या, काळ्या खोलीत ब्लास्टरवर अवलंबून राहू नका.

आता खरा मुद्दा. मूळ रिमोटवर चालू आणि बंद यांसाठी बहुधा एकच बटण असतं. बंद असला तर चालू, चालू असला तर बंद. हातात रिमोट असताना यात काही वावगं नाही, कारण आपण डोळ्यांनी बघत असतो. यंत्राला मात्र दिसत नाही. 'सिनेमा सुरू' असं बटण तुम्ही बनवलं, आणि प्रोजेक्टर आधीच कोणीतरी हाताने चालू केलेला असेल, तर तुमचं बटण तो बंद करेल. पुढच्या सगळ्या कमांड मग बंद प्रोजेक्टरवर जाऊन पडतील.

यावरचा उपाय म्हणजे स्वतंत्र कोड. 'फक्त चालू' आणि 'फक्त बंद' असे दोन वेगळे कोड बऱ्याच कंपन्यांच्या प्रोजेक्टरना समजतात, जरी रिमोटवर त्यांची बटणं नसली तरी. काही रिमोटवर तर दोन वेगळी बटणंच असतात, ती मिळाली तर नशीब समजा. नसतील तर आयआर कोडच्या संग्रहांत तुमच्या कंपनीच्या नावाने शोधा आणि सापडलेला कोड दोनदा तपासा: बंद असताना 'चालू' पाठवा, तो चालू व्हायला हवा; मग चालू असताना तोच पुन्हा पाठवा, काही झालं नाही तर कोड खरा.

बंद करताना आणखी एक गोष्ट. पुष्कळ प्रोजेक्टर पहिल्यांदा बंदचं बटण दाबल्यावर 'पुन्हा दाबा' असं पडद्यावर विचारतात. काही सेकंदांत दुसरा झोत गेला नाही तर ते चालूच राहतात. म्हणून बंदचा कोड सेकंदभराच्या अंतराने दोनदा पाठवा. मेनूत ही विचारणा बंद करता आली तर उत्तमच.

आयआरला उत्तर द्यायला लावण्याचा एक उपाय

तुमच्या प्रोजेक्टरला सिरीयल नाही, लॅनही नाही, फक्त आयआर आहे असं समजा. तरी प्रोजेक्टर चालू आहे का, हे कळू शकतं. वीज मोजणारा स्मार्ट प्लग प्रोजेक्टरच्या वायरीवर बसवा. चालू प्रोजेक्टर शे-दोनशे वॉट किंवा त्याहून जास्त वीज घेतो, स्टँडबायमध्ये अगदी थोडी. तेव्हा पन्नास वॉटच्या वर म्हणजे चालू, खाली म्हणजे बंद, एवढा नियम पुरतो. छोट्या एलईडी प्रोजेक्टरसाठी हा आकडा आधी स्वतः मोजून ठरवा.

पण प्लग फक्त वाचायला वापरा, त्याने वीज तोडू नका. दिव्याच्या प्रोजेक्टरमध्ये बंद केल्यावरही पंखा काही वेळ चालतो, कारण आतला पाऱ्याच्या वाफेचा दिवा प्रचंड तापलेला असतो. त्या वेळी वीज गेली तर उष्णता आतच कोंडते, दिव्याचं आयुष्य कमी होतं. शक्य असेल तर त्या प्लगचं 'बंद' करण्याचं बटण ॲपमध्ये लॉक करून टाका, म्हणजे घरातल्या कुणाचा हातही चुकून त्यावर पडणार नाही.

१२ व्होल्टच्या ट्रिगरचाही असाच उपयोग होतो. तो मुळात पडद्याची मोटर चालवायला असतो: प्रोजेक्टर चालू झाला की त्या छिद्रातून १२ व्होल्ट येतात आणि पडदा खाली उतरतो. म्हणजे प्रोजेक्टर स्वतःच सांगतोय की मी चालू आहे. ईएसपी-३२ सारखा, प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड हा निरोप वाचू शकतो. मात्र त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात, म्हणून १२ व्होल्ट थेट जोडू नका, मध्ये ऑप्टोकपलर, म्हणजे दोन बाजू विजेने न जोडता प्रकाशाने इशारा पोचवणारा छोटा भाग, घाला. आणि ट्रिगरमधून थोडाच करंट मिळतो. त्यावर थेट मोटर चालवायची नसते, रिलेला, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्विचला, फक्त इशारा द्यायचा असतो.

वायर: आरएस-२३२

हे मानक १९६० सालचं. इतकं जुनं असूनही महागड्या प्रोजेक्टरच्या पाठीवर ते अजून टिकून आहे, आणि त्याला कारण आहे. यात पासवर्ड नाही, आयपी पत्ता नाही, राउटर बंद पडला म्हणून अडत नाही. तीन तारा जोडल्या की प्रोजेक्टर बोलायला लागतो. मला स्वतःला हा मार्ग सगळ्यात आवडतो, आणि नवख्यांनी शिकायची सुरुवात इथून करावी असं वाटतं, कारण पुढे नेटवर्कवर जे काही होतं ते बहुतेक हेच असतं, फक्त वेगळ्या वाटेनं.

लागणाऱ्या तारा तीनच: पाठवायची, ऐकायची आणि ग्राउंड. संगणकाच्या नऊ पिनी पोर्टवर दोन नंबर ऐकायची, तीन नंबर पाठवायची, पाच नंबर ग्राउंड. एकाची पाठवायची तार दुसऱ्याच्या ऐकायच्या पिनेला जायला हवी. काही प्रोजेक्टरना सरळ केबल लागते, काहींना उलटी, जिला नल मोडेम म्हणतात. सिरीयल चालत नाही अशी तक्रार घेऊन जेवढे लोक येतात, त्यातल्या पुष्कळांची केबल सरळऐवजी उलटी किंवा उलटीऐवजी सरळ निघते. माझी पहिली संपूर्ण संध्याकाळ यातच गेली. सेटिंग शंभरदा बदलून पाहिली, आणि चूक केबलमध्ये होती.

त्या संध्याकाळीच मी मल्टिमीटर वापरायला शिकलो. आरएस-२३२ मध्ये काहीही पाठवलं जात नसताना पाठवायच्या तारेवर ऋण व्होल्टेज असतं, साधारण उणे ५ ते उणे १२. तेव्हा प्रोजेक्टर चालू करा, मल्टिमीटरची काळी टोचणी पाच नंबरच्या पिनेवर ठेवा आणि लालने दोन व तीन तपासा. जिच्यावर ऋण आकडा दिसेल ती प्रोजेक्टरची पाठवायची पिन. तिला तुमच्या बाजूची ऐकायची तार जोडायची. सरळ की उलटी हा वाद तिथेच मिटतो.

याच मोजणीत दुसरी गोष्ट कळते. ऋण आकड्याऐवजी धन ३.३ किंवा ५ व्होल्ट दिसले तर ते आरएस-२३२ नाही, टीटीएल आहे, म्हणजे छोट्या बोर्डांवर असते तशी कमी व्होल्टेजची सिरीयल. दोघांच्या कमांड सारख्या असू शकतात, पण व्होल्टेज सारखं नसतं. ईएसपी-३२ किंवा रास्पबेरी पाय (एक छोटा संगणक) यांच्या पिना थेट प्रोजेक्टरच्या आरएस-२३२ ला जोडल्या तर बोर्ड कायमचा जाऊ शकतो. मध्ये मॅक्स-३२३२ ही व्होल्टेज जुळवणारी चिप असलेला छोटा बोर्ड लावा.

संगणकावरून करायचं असेल तर यूएसबी-ते-सिरीयल केबल घ्या. आत एफटीडीआयची चिप असलेली मला जास्त भरवशाची वाटली. केबल आल्यावर प्रोजेक्टरला लावण्याआधी एक चाचणी करा: केबलच्या टोकाच्या दोन आणि तीन नंबरच्या पिना एका तारेने एकमेकींना जोडा, पटी (PuTTY) किंवा दुसरा कुठलाही टर्मिनल प्रोग्राम, म्हणजे टाइप केलेलं वायरीवर पाठवणारा आणि आलेलं दाखवणारा प्रोग्राम, उघडा, आणि काहीही टाइप करा. तीच अक्षरं पडद्यावर परत आली तर केबल, ड्रायव्हर आणि पोर्ट नंबर सगळं ठीक. नाही आली तर प्रोजेक्टरला दोष देण्यात अर्थ नाही.

मग वेग जुळवा. एप्सनच्या प्रोजेक्टरना ९६०० चा वेग, ८ बिट, पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) नाही, १ स्टॉप बिट. जेव्हीसीच्या होम थिएटर मॉडेलांना १९२००. सोनीच्या होम थिएटर मॉडेलांना ३८४००, आणि तिथे पॅरिटी सम ठेवावी लागते. ही एक सेटिंग हमखास विसरली जाते. बेनक्यूच्या अनेक प्रोजेक्टरमध्ये वेग मेनूतून निवडता येतो, म्हणून तिथे आधी मेनूत बघा. फ्लो कंट्रोल, म्हणजे 'थांब' आणि 'पाठव' असे इशारे, सगळीकडे बंद. पडद्यावर चित्रविचित्र अक्षरं येत असतील तर आनंदाने पुढे जा: वायर बरोबर आहे, फक्त वेग चुकलाय. काहीच येत नसेल तर वायर तपासा.

आता पहिली कमांड. एप्सनवर ही सगळ्यात सोपी. नुसतं एन्टर दाबा. प्रोजेक्टर एक विसर्गचिन्ह, म्हणजे दोन टिंबं एकावर एक, परत पाठवतो. ते दिसलं की समजायचं, तो ऐकतोय. मग इंग्रजी मोठ्या अक्षरांत पी, डब्ल्यू, आर आणि प्रश्नचिन्ह टाइप करून एन्टर दाबा. त्याच तीन अक्षरांपुढे बरोबरचं चिन्ह आणि दोन आकडे येतात: ०१ म्हणजे चालू, ०२ म्हणजे तापतोय, ०३ म्हणजे गार होतोय, ००, ०४ म्हणजे स्टँडबाय, आणि ०५ म्हणजे काहीतरी बिघडून स्टँडबायमध्ये गेलाय. चालू करायला प्रश्नचिन्हाच्या जागी एक स्पेस आणि ओ, एन.

जेव्हीसीची भाषा अक्षरांची नसून बाइटची आहे, टर्मिनलवर सहज टाइप करता येत नाही. तिथे हेक्स, म्हणजे सोळा-आधारी आकड्यांत लिहिलेले बाइट, पाठवू शकणारा प्रोग्राम लागतो. शेवटच्या बाइटकडे लक्ष द्या. एप्सनची कमांड कॅरेज रिटर्नने संपते, म्हणजे दशमान १३. जेव्हीसीची लाइन फीडने संपते, म्हणजे १०. हा एक बाइट चुकला की प्रोजेक्टर तुमचं वाक्य संपण्याची वाट बघत बसतो आणि तुम्ही त्याच्या उत्तराची.

लांबीबद्दल: आरएस-२३२ साठी पंधरा मीटर ही जुनी, सुरक्षित मर्यादा मानली जाते, आणि ९६०० सारख्या कमी वेगाला ती सहज निभते. भिंतीतून नेटवर्कची कॅट-५ई केबल आधीच गेली असेल तर तिच्यातल्या तीन तारा याला वापरता येतात. साधी यूएसबी केबल मात्र पाच मीटरच्या पुढे नेऊ नका. लांबी वाढवायचीच तर सिरीयलची बाजू वाढवा.

नेटवर्क

लॅनची वायर लावली म्हणजे झालं असं नसतं. क्रमाने जा.

एक, स्टँडबायची सेटिंग बदला. हे आधी करा, कारण नेटवर्कवर प्रोजेक्टर सापडत नाही या तक्रारीचं मूळ बहुतेकदा इथे असतं. वीज वाचवण्यासाठी बरेच प्रोजेक्टर स्टँडबायमध्ये नेटवर्क पूर्ण बंद करतात. मग चालू असताना सगळं चालतं, बंद करता येतं, पण पुन्हा चालू करता येत नाही. मेनूत 'स्टँडबाय मोड' शोधून तिथे 'नेटवर्क चालू' किंवा 'कम्युनिकेशन चालू' निवडा. स्टँडबायची वीज थोडी वाढते, पण त्याशिवाय हे काम होत नाही.

दोन, पत्ता पक्का करा. राउटरमध्ये प्रोजेक्टरच्या मॅक पत्त्यासाठी (यंत्राचा नेटवर्कवरचा स्वतःचा क्रमांक) एक आयपी राखून ठेवा. प्रोजेक्टरमध्येच स्थिर आयपी टाकण्यापेक्षा हे बरं, कारण उद्या राउटर बदलला तर प्रोजेक्टरच्या मेनूत शिरावं लागत नाही.

तीन, प्रोजेक्टर बंद करून संगणकावरून त्याला पिंग करा, म्हणजे नेटवर्कवरून 'आहेस का' अशी हाक मारा. उत्तर आलं तर पहिली पायरी खरंच झाली. आलं नाही आणि फोन किंवा संगणक पाहुण्यांच्या वायफायवर असेल, तर आधी घरच्या नेटवर्कवर या. पाहुण्यांचं नेटवर्क बाकीच्या यंत्रांशी बोलू देत नाही.

चार, भाषा निवडा. इथे पीजेलिंक नावाची एक मोठी सोय आहे. जपानमधल्या जेबीएमआयए या उद्योगसंघटनेने ठरवलेली ही समान भाषा अनेक कंपन्यांचे प्रोजेक्टर बोलतात. ती टीसीपीच्या ४३५२ नंबरच्या पोर्टवर चालते. मेनूत किंवा प्रोजेक्टरच्या वेब पानावर ती आधी चालू करावी लागू शकते. पिंग लागतंय पण ४३५२ वर जोडणी नाकारली जाते, असं झालं तर हेच कारण समजा.

पीजेलिंकला जोडलं की प्रोजेक्टर आधी स्वतः बोलतो. स्वतःचं नाव सांगून पुढे शून्य दिलं तर पासवर्ड नाही. एक दिलं तर पासवर्ड आहे, आणि सोबत आठ अक्षरांचा एक यादृच्छिक आकडा येतो. तो आकडा आणि तुमचा पासवर्ड जोडून त्याचा एमडी-५ (मजकुरावरून काढलेला ठरावीक लांबीचा ठसा) काढायचा आणि ती बत्तीस अक्षरं कमांडच्या आधी लावायची. तयार प्रोग्राम हे आपोआप करतात. हाताने तपासून बघायचं असेल तर पासवर्ड तेवढ्यापुरता काढून टाका, मग परत लावा.

कमांडची रचना अशी: टक्क्याचं चिन्ह, १, चार मोठी इंग्रजी अक्षरं, स्पेस, आणि मूल्य. वीजेसाठी ती चार अक्षरं पी, ओ, डब्ल्यू, आर. मूल्य १ म्हणजे चालू, ० म्हणजे बंद, प्रश्नचिन्ह म्हणजे सांग. उत्तरात ० बंद, १ चालू, २ गार होतोय, ३ तापतोय. चुकीच्या वेळी कमांड पाठवली तर 'ईआरआर ३' येतं, म्हणजे 'आत्ता जमणार नाही'. 'ईआरआर १' म्हणजे कमांडच ओळखीची नाही. 'ईआरआर ४' म्हणजे प्रोजेक्टरमध्येच बिघाड. मला हे उत्तर देणं फार मोलाचं वाटतं. इन्फ्रारेडला 'आत्ता जमणार नाही' असं कधी सांगता येणार नाही. याच भाषेत दिव्याचे तास विचारता येतात, आणि पंखा, दिवा, तापमान, झाकण, फिल्टर यांची तब्येतही: प्रत्येकासाठी एक आकडा, ० ठीक, १ इशारा, २ बिघाड. छतावरचा फिल्टर साफ करायची वेळ झाली हे शिडी न लावता कळतं.

नेटकॅटसारख्या, नेटवर्कवर मजकूर थेट पाठवणाऱ्या साधनाने हाताने चाचणी घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. लिनक्सवर त्यात एन्टर दाबलं की लाइन फीड जातो, आणि पीजेलिंकला कॅरेज रिटर्न हवा असतो. कमांड अगदी बरोबर असूनही प्रोजेक्टर गप्प राहील. म्हणून प्रिंटएफ या लिनक्सच्या कमांडने कॅरेज रिटर्न जोडून कमांड नेटकॅटमध्ये सोडा, किंवा पटीमध्ये 'रॉ' जोडणी वापरा.

पीजेलिंकमधून वीज, इनपुट, चित्र-आवाज झाकणं एवढं होतं. चित्राचे मोड, लेन्सच्या साठवून ठेवलेल्या सेटिंग, असं खास काही हवं असेल तर कंपनीची स्वतःची भाषा लागते. एप्सनची सिरीयलवरचीच भाषा नेटवर्कवर ३६२९ पोर्टवर मिळते, फक्त आधी सोळा बाइटचा एक हँडशेक, म्हणजे सुरुवातीची ओळख, करावा लागतो. जेव्हीसी २०५५४ वर ऐकतो, सोनीचे अनेक मॉडेल ५३४८४ वर. हे तुम्हाला हाताने लिहावं लागेलच असं नाही. होम असिस्टंट या घरातली यंत्रं एकत्र चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये एप्सन, जेव्हीसी आणि पीजेलिंक यांचे जोड तयार आहेत.

आणि कृपया यातलं कोणतंही पोर्ट राउटरमधून इंटरनेटला उघडू नका. या भाषा घरातल्या विश्वासाच्या नेटवर्कसाठी बनल्या आहेत. बाहेरून चालवायचंच असेल तर व्हीपीएनमधून घरात शिरा.

किती वेळा विचारायचं

प्रोजेक्टरला दर सेकंदाला 'चालू आहेस का' असं विचारत राहू नका. बऱ्याच प्रोजेक्टरना एका वेळी एकच जोडणी झेपते. एक ॲप जोडून बसलं की दुसऱ्याला नकार मिळतो, आणि दोष कुठे हे शोधण्यात दिवस जातो. पीजेलिंकमध्ये अर्धा मिनिट काही बोललं नाही तर प्रोजेक्टर जोडणी तोडूही शकतो. जोडा, विचारा, उत्तर घ्या, सोडा. दहा-वीस सेकंदांनी एकदा एवढं पुरे.

एचडीएमआय-सीईसीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. एचडीएमआय केबलच्या तेरा नंबरच्या पिनेवरून यंत्रं एकमेकांना चालू-बंद करतात. सॅमसंग त्याला एनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिम्पलिंक. प्रोजेक्टरला जमत असेल तर फुकटची सोय, जरूर चालू करून बघा. पण सगळ्या प्रोजेक्टरना ते येत नाही, आणि लांब फायबर एचडीएमआय केबल असेल तर ती पिन पोचते का हे केबलच्या माहितीत तपासा. मी त्यावर मुख्य व्यवस्था उभी करत नाही.

'सिनेमा सुरू' या बटणाच्या मागे

आता सगळं एका ओळीत बांधायचं. बहुतेक जण इथे ठरावीक सेकंदांची वाट बघतात: चालू कर, तीस सेकंद थांब, इनपुट बदल. हिवाळ्यात गार खोलीत दिवा जास्त वेळ घेतो आणि ही साखळी तुटते. उत्तर देणारा मार्ग हाताशी असेल तर वेळ मोजू नका, अवस्था विचारा.

माझा क्रम असा: आधी प्रोजेक्टरला विचार. गार होत असेल तर तो पूर्ण स्टँडबायला येईपर्यंत थांब. बंद असेल तर चालू कर. तेवढ्या वेळात पडदा खाली आण आणि ॲम्प्लिफायर चालू कर, म्हणजे चित्र येईपर्यंत एचडीएमआयची ओळखपरेड होऊन गेलेली असते. दर पाच सेकंदांनी विचार. 'चालू' असं उत्तर आलं की आणखी दोन सेकंद थांब, मग इनपुट, मग चित्राचा मोड. दीड-दोन मिनिटांत 'चालू' आलं नाही तर पुढे जाऊ नकोस, फोनवर निरोप पाठव.

बंद करताना उलटं. बंदची कमांड दे, 'गार होतोय' असं उत्तर आलं का ते बघ, आलं नाही तर एकदाच पुन्हा दे. मग पडदा वर, ॲम्प्लिफायर बंद. प्रोजेक्टरची वीज तशीच राहू दे.

हे सगळं झाल्यावर मूळ रिमोट कपाटात टाकू नका. सोफ्याजवळच ठेवा, सेल भरून. नेटवर्क कधीतरी बंद पडेल, आणि त्या वेळी तुम्ही घरी नसाल. मी त्याच्या पाठीला एक चिठ्ठी चिकटवून ठेवली आहे, घरच्यांसाठी: चालू करायला एकदा दाबा, बंद करायला दोनदा, आणि पंखा थांबेपर्यंत भिंतीवरचं बटण बंद करू नका.